कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी : आरोग्याच्या दृष्टीने एक परामर्श

महाराष्ट्रातील नागरी समाजाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासात कोल्हापूरला लवकरच स्थान मिळाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोवनी यांची ‘कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी’ इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केली. लोकसंख्या व जननक्षमता यांवरील पहिला खंड 1948 साली, म्हणजे संस्थान विलीन होण्यापूर्वी, निघाला. उद्योग, व्यापार व श्रम यांवरील दुसरा 1951 साली आणि कुटुंबजीवन व सामाजिक जीवन यांवरील तिसरा 1952 साली निघाला. गाडगीळांनी पुण्याच्या पाहणीने घालून दिलेला मार्गच येथे पुढे चालविला गेला. एका मध्यम आकाराच्या शहराकडे इतक्या विस्ताराने पाहण्याचा हा प्रयत्न आजही मोलाचा आहे, यात शंका नाही.

तथापि खंडांची विभागणीच एका उणिवेकडे बोट दाखविते. शहरात माणसे किती जन्मतात, काय काम करतात व कशी राहतात या प्रश्नांना स्वतंत्र खंड मिळाले. ती कशाने आजारी पडतात व कोणत्या वस्तीत लवकर मरतात, या प्रश्नाला मिळाला नाही. ही अपेक्षा काळाला सोडून आहे, असे म्हणता येणार नाही. राउंट्री यांनी यॉर्क शहराच्या पाहणीत (1901) श्रमिक वस्तीचे तीन थर पाडून त्यांचे मृत्युमान शेजारी शेजारी मांडले होते. अतिदरिद्री थरात ते हजारी 27.8, मधल्या थरात 20.7 व वरच्या थरात 13.5 आढळले. दारिद्र्य म्हणजे केवळ कमी मिळकत नव्हे, तर कमी आयुष्य होय, हे त्या तीन आकड्यांनी सिद्ध केले. ज्या परंपरेतून कोल्हापूरची पाहणी उद्भवली, त्या परंपरेतच हे साधन उपलब्ध होते.

अर्थात यॉर्कची पद्धत कोल्हापुरात जशीच्या तशी लागू पडली नसती. आपल्याकडे जन्म व मृत्यू जेथे घडतो तेथे नोंदला जातो. भोवतालच्या तालुक्यांतील रोगी शहरातील मोठ्या रुग्णालयात दगावला, तर त्याचा मृत्यू शहराच्या खात्यावर पडतो. उलट, मजुरीसाठी शहरात आलेला तरुण क्षयाने खंगला की पुष्कळदा गावी परततो आणि त्याचा मृत्यू शहराच्या हिशेबातून निसटतो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते; तिच्या मुलाचा जन्म सासरच्या पेठेत दिसत नाही. अशा नोंदींवरून काढलेले शहराचे मृत्युमान हे शहरी जीवनाचे माप ठरत नाही. ज्याची प्रकृती शहराने खालावली, तोच नोंदीबाहेर राहिल्यामुळे शहर प्रत्यक्षाहून निरोगी भासण्याचा संभव असतो. म्हणूनच घरोघर जाऊन केलेल्या पाहणीची गरज होती. दप्तराला जे दिसत नाही ते विचारणे, हेच तिचे खरे प्रयोजन.

दुसरा प्रश्न सरासरीचा आहे. जुन्या पेठा, आखीव रस्त्यांची राजारामपुरी आणि नाल्याकाठच्या झोपडपट्ट्या यांची मिळून काढलेली सरासरी कोणत्याच वस्तीचे वास्तव सांगत नाही. जयंती नाल्यासारखे ओढे शहराचे सांडपाणी पंचगंगेकडे नेतात. काठावरच्या घरांना त्याचा जो उपद्रव होतो, तो उंचावरच्या घरांना होत नाही. 2019 व 2021 सालच्या महापुरांनी हा भेद पुन्हा उघडा केला. सखल भागात पाणी घरात शिरले, आणि ते ओसरल्यावर चिखल, दूषित पाणी व साथींचे भय मागे राहिले.

शहराची हद्द हीच अभ्यासाची हद्द मानणे ही तिसरी अडचण होय. नदी महापालिकेची सीमा जाणत नाही. पंचगंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत 2012 साली काविळीची मोठी साथ आली व तीत अनेक बळी गेले. मैलामिश्रित पाण्यातून पसरणारा ‘ई’ प्रकारचा विषाणू गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. एका शहराने सोडून दिलेले सांडपाणी दुसऱ्या शहराच्या आरोग्याचा प्रश्न बनते. तेव्हा एकेका शहराचा सुटा अभ्यास कितीही काटेकोर असला, तरी रोगाचे कारण त्याच्या चौकटीबाहेर राहू शकते.

या मर्यादांमुळे सोवनी यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. किंबहुना त्यांनी सिद्ध केलेला पाया नसता, तर या उणिवा दाखविणेही कठीण झाले असते. परंतु कोल्हापूरची नवी पाहणी कोणी हाती घेतल्यास तिने मिळकत, घर, पाणी व मृत्यू यांना वेगवेगळ्या खंडांत न बसविता एकाच कुटुंबाच्या संदर्भात जोडले पाहिजे. आणि जो मनुष्य आजारी होऊन शहर सोडून गेला, त्याचाही माग काढला पाहिजे. त्याला वगळून केलेली गणना शहराची असेल, शहरवासीयांची असणार नाही.