‘कंटेजन’मधलं नॅपकिनवरचं गणित

साथीच्या रोगांवरचा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर सिनेमा कुठला असं कुणी विचारलं, की आमच्या क्षेत्रातले लोक फार विचार न करता ‘कंटेजन’ सांगतात. मीही सांगते. २०११चा, स्टीव्हन सोडरबर्गचा. सल्लागार म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे विषाणूतज्ज्ञ इयन लिपकिन होते, आणि ते जाणवतं. विषाणू काल्पनिक आहे, एमईव्ही-१, पण तो बेतलाय निपाहवर. वटवाघूळ, मग डुक्कर, मग माणूस ही साखळी १९९८-९९मध्ये मलेशियात खरोखर दिसली होती. (आपल्याकडे २०१८मध्ये केरळात निपाह आला तेव्हा नमुन्यांवर शिक्कामोर्तब पुण्याच्या एनआयव्हीत झालं होतं.)

पण मला आज दोन जागांबद्दल बोलायचंय. चुका शोधून सिनेमाचे मार्क कापणं हा हेतू नाही. या दोन्ही जागी आपण रोज करतो तीच गडबड आहे, आणि ती इतकी सफाईने येते की मला तिसऱ्यांदा पाहताना दिसली.

पहिली जागा. टीव्हीवर चर्चा चालू आहे. एका बाजूला सीडीसीचे डॉक्टर चीव्हर, दुसऱ्या बाजूला अ‍ॅलन क्रमवीडी हा ब्लॉगर, जो फोर्सिथिया नावाचं भोंदू औषध खपवतोय. तो साथीचं गणित मांडतो. आधी २ माणसं, मग ४, मग १६, मग २५६, मग ६५ हजार. आणि ३० पायऱ्यांत, म्हणजे तीन महिन्यांत, १ अब्ज आजारी. नॅपकिनवर करता येईल इतकं सोपं, असं त्याचं म्हणणं.

तर खरंच एक कागद घ्या आणि करून बघा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ ही दामदुप्पट नाहीच. इथे प्रत्येक आकड्याचा वर्ग केलाय. पुढचा आकडा ४२९ कोटींच्या वर जातो, तोही सहाव्याच पायरीला! म्हणजे ३० पायऱ्या कशाला हव्यात? उलट बे दुणे चार, चार दुणे आठ असं दुप्पट करत गेलात तर तिसाव्या पायरीला १०७,३७,४१,८२४ येतात. हाच त्याचा १ अब्ज. म्हणजे एकाच वाक्यात दोन वेगळी गणितं आहेत. शेवट बरोबर आणि रस्ता चुकीचा.

वर्गाच्या गणिताचा अर्थ काय होतो तेही बघा. २चे ४ होताना प्रत्येकाने दोघांना लागण दिली. १६चे २५६ होताना प्रत्येकाने १६ जणांना, आणि २५६चे ६५,५३६ होताना प्रत्येकाने २५६ जणांना. आर-नॉट म्हणजे सगळेच लागण होण्याजोगे असताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा. तो असा पायरीगणिक फुगत नाही.

आता मला पडलेला प्रश्न: ही चूक लेखकाची की पात्राची? भोंदूच्या तोंडी चुकीचं गणित घालणं ही हुशारी म्हणता आली असती. पण चीव्हर ते खोडत नाहीत, पुढेही कुणी खोडत नाही. प्रेक्षक बिचारा ते आकडे खरे समजूनच घरी जातो. त्यामुळे हुशारीचं श्रेय द्यायला मी तयार नाही.

गंमत म्हणजे त्याच वाक्यात एक उत्तम गोष्ट लपलीय. ३० पायऱ्या, ९० दिवस, म्हणजे एक पायरी ३ दिवसांची. यालाच आपण जनरेशन टाइम म्हणतो: एकाला लागण झाल्यापासून त्याने पुढच्याला देईपर्यंतचा सरासरी काळ. आर-नॉटमध्ये काळ नसतोच. आर-नॉट २च ठेवा आणि पायरी १० दिवसांची करा. त्याच १ अब्जाला ३०० दिवस लागतात. संपर्कातली माणसं शोधायला, विलगीकरणाला तेवढा वेळ मिळतो. केट विन्स्लेटची डॉक्टर मीअर्स व्हाइटबोर्डसमोर आर-नॉट समजावते तो प्रसंग फारच छान आहे, ती इन्क्युबेशनचाही उल्लेख करते. पण लोकांच्या डोक्यात राहतो तो फक्त आकडा. मीही पहिल्या वर्षी दोन रोगांची तुलना करताना फळ्यावर नुसते आर-नॉट लिहून मोकळी झाले होते. “आणि दिवस कुठायत?” असं गाइडनी विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं.

(९० दिवस प्रत्येक जण तितकाच बाहेर फिरतोय आणि कुणालाच प्रतिकारशक्ती आलेली नाही, हेही त्या गणितात गृहीत आहे. ते एक असो.)

दुसरी जागा जास्त खटकते, कारण ती सिनेमातली सगळ्यात हृद्य जागा आहे. डॉक्टर हेक्स्टॉल चाचणीतली लस स्वतःला टोचून घेते, आजारी वडिलांच्या खोलीत जाते आणि मास्क काढते. ती बॅरी मार्शलचं नाव घेते. मार्शलनी १९८४मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू स्वतः पिऊन बघितले होते, आणि २००५चं नोबेल त्यांना रॉबिन वॉरनबरोबर मिळालं.

पण हे दोन प्रयोग सारखे नाहीत. मार्शलनी आधी एंडोस्कोपी करून पोट ठीक असल्याची खात्री केली होती. मग जिवाणू प्यायले आणि जठराला सूज आली. काहीतरी *घडलं*. हेक्स्टॉलच्या बाबतीत काही घडलं नाही, आणि तोच पुरावा मानायचाय. ती आजारी पडली नाही ते लसीमुळे, की त्या भेटीत लागणच झाली नाही म्हणून? आर-नॉट २ असलेल्या रोगात एका रुग्णाला भेटलेले बरेचसे लोक तसेही सुटतात. तुलनेला लस न घेतलेला गट नाही, माणूस एकच. तिच्याआधी लस टोचलेलं माकड जगलं होतं, तो पुरावा खरं तर जास्त भक्कम होता, कारण त्याला विषाणू मुद्दाम दिला होता.

सिनेमाला इथे चाचण्यांचे कंटाळवाणे महिने गाळायचे होते. कोविडच्या विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला, मॉडर्नाचा पहिला डोस चाचणीत १६ मार्चला टोचला गेला, आणि ब्रिटनमध्ये चाचणीबाहेर लस द्यायला सुरुवात झाली ती ८ डिसेंबरला, फायझरच्या लसीने. लस बनवण्यापेक्षा ती चालते हे दाखवायलाच जास्त वेळ गेला. तो वेळ म्हणजेच आपलं काम, आणि ते पडद्यावर एका सुईत उरकलं.

तरी शेवटच्या दृश्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन. पहिला दिवस तिथे सर्वात शेवटी दाखवलाय. वटवाघळाने टाकलेला केळ्याचा तुकडा डुकराच्या पिल्लाने खाल्ला, ते पिल्लू स्वयंपाकघरात पोचलं, आचाऱ्याने हात नीट न धुता अ‍ॅप्रनला पुसले आणि बेथ एमहॉफशी हस्तांदोलन केलं. हे फक्त आपल्याला दिसतं. सिनेमातल्या एकाही शास्त्रज्ञाला ते कधीच कळत नाही.