अटक आणि खटला यांच्या मधले दिवस : अमेरिकी कादंबरीतील कौंटी न्यायालय

खटल्याचे नाट्य कादंबरीकाराला आयतेच मिळते. दोन पक्ष समोरासमोर उभे असतात, प्रश्न एकच असतो, साक्षीपुराव्याने तो क्रमाक्रमाने तीव्र होत जातो आणि निकालाच्या शब्दासरशी पडदा पडतो. एवढी सुघटित रचना दुसऱ्या कोणत्याही सामाजिक संस्थेने ललित वाङ्मयाला बहाल केलेली नाही. परंतु आयते मिळालेले रूप अनुभवाची जागा पटकावून बसते, हा धोकाही तितकाच मोठा आहे. आरोपीच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे भवितव्य पुष्कळदा खटला उभा राहण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. अटकेचा क्षण आणि खटल्याचा पहिला दिवस यांच्या मधले जे दिवस, त्यांचे वाङ्मय कोणते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेने विचारण्याजोगा आहे. अमेरिकी कादंबरीने त्याला दिलेली उत्तरे लक्षणीय असली, तरी ती एकाच तोलाची नाहीत.

या उत्तरांचे मोल जाणण्यासाठी कौंटी नावाच्या संस्थेचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे लागते. कौंटी म्हणजे स्थूलमानाने जिल्हा. पण हे साम्य नकाशापुरतेच खरे. आपल्याकडे जिल्ह्याचा अधिकारी आणि सरकारी वकील शासनाने नेमलेला असतो. अमेरिकेत कौंटीचा शेरीफ आणि फिर्यादी पक्षाचा मुख्य वकील हे बहुतेक ठिकाणी तेथल्याच मतदारांनी निवडून दिलेले असतात. अनेक राज्यांत न्यायाधीशही निवडून येतो. ज्यूरीही त्याच रहिवाशांतून बसते. अटक झालेल्या माणसाची प्रथम नोंद होते. बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. खिशातल्या वस्तूंची यादी करून त्या काढून घेतल्या जातात. वॉरंटावाचून अटक झाली असेल, तर अटकेस सबळ कारण होते की नाही, याचा निर्णय सामान्यतः 48 तासांच्या आत न्यायाधिकाऱ्याने करावा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवून दिले. पहिल्या हजेरीत आरोप सांगितला जातो, वकील आहे काय हे विचारले जाते आणि जामीन की जातमुचलका, याचा विचार होतो. नंतर गंभीर गुन्ह्यात काही राज्यांत ग्रँड ज्यूरी बंद दाराआड बसते, तर काही ठिकाणी न्यायाधीशापुढे प्राथमिक सुनावणी होते. त्यानंतर आरोपीला उभे करून गुन्हा कबूल आहे की नाही, एवढेच विचारले जाते. पुढे तारखांमागून तारखा पडतात. जामीन न मिळालेला माणूस हा सारा काळ कौंटीच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून काढतो.

थिओडोर ड्रायझरची 'ॲन अमेरिकन ट्रॅजेडी' ही कादंबरी 1925 मध्ये प्रसिद्ध झाली. न्यू यॉर्क राज्यातील हर्किमर कौंटीत 1906 साली घडलेले ग्रेस ब्राऊन खूनप्रकरण हा तिचा आधार. त्या प्रकरणातील आरोपी चेस्टर जिलेट याला 1908 मध्ये देहान्त शिक्षा देण्यात आली. ड्रायझरने या कादंबरीचा संपूर्ण तिसरा भाग तपास, अटक, खटला आणि शिक्षा यांना दिला आहे. हा भाग आरोपीपासून नव्हे, तर कौंटीच्या वर्णनापासून सुरू होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तळ्यात बुडालेल्या मुलीची वार्ता येताच कोरोनरच्या मनात करुणेबरोबरच निवडणुकीचा हिशेब चालू होतो; कारण त्याच्याच पक्षाचा फिर्यादी वकील मेसन हा न्यायाधीशपदाची उमेदवारी मिळवू पाहत आहे. मेसन दुष्ट नाही. मृत मुलीच्या दरिद्री बापाला पाहून त्याला आलेला कळवळा खरा आहे. पण तो कळवळा आणि ती महत्त्वाकांक्षा एकमेकींत अशा मिसळून गेल्या आहेत की, त्या वेगळ्या करणे त्याला स्वतःलाही शक्य नाही. त्याचा साहाय्यक तर मृत मुलीच्या डोक्याचे केस कॅमेऱ्यात अडकवून पुरावा 'पूर्ण' करतो. त्याच्या मनाची खात्री पटलेली आहे. उणीव काय ती वस्तूंची.

ड्रायझरची खरी थोरवी मात्र याच्याही पुढे आहे. क्लाइडने खुनाचा बेत केला होता. ऐन क्षणी त्याचे धैर्य खचले. नाव उलटली ती त्याच्या धडपडीत. आणि बुडणारीला न वाचवता तो पोहत निघून गेला. हे सत्य इतके संमिश्र आहे की, 'कबूल' किंवा 'नाकबूल' या दोन शब्दांत ते कोठेच बसत नाही. त्याचे वकील बेलनॅप आणि जेफसन हे जाणतात. म्हणून ते ज्यूरीला पटेल अशी, हृदयपालटाची एक वेगळीच कथा रचतात आणि तुरुंगात क्लाइडकडून ती घोकून घेतात. येथे फिर्यादी आणि बचाव हे दोन्ही पक्ष सत्याला सारखेच पारखे होतात. आपण नेमके काय केले, हे अखेर क्लाइडलाही निश्चित सांगता येत नाही. प्रक्रियेने केवळ त्याचा देह ताब्यात घेतलेला नाही. स्वतःच्या कृतीविषयीची त्याची स्मृतीही तिने हिरावून घेतली आहे. ड्रायझरच्या बोजड शैलीवर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते बरेचसे खरे आहे. परंतु या भागात तो बोजडपणाच उपकारक ठरला आहे. तपशिलांच्या ओझ्याखाली माणूस हळूहळू दबत जावा, हा त्या विषयाचाच धर्म आहे.

रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' (1940) ही शिकागोच्या कुक कौंटीत घडते. कादंबरीच्या आरंभीच बिगर टॉमस रस्त्यावर एक निवडणुकीचे भित्तिपत्रक लागताना पाहतो. त्यावर फिर्यादी वकील बकली याची छबी आहे. तिसऱ्या भागात हाच बकली कोठडीत येऊन बिगरची जबानी लिहून घेतो, बाहेर जमलेल्या गर्दीचे भय दाखवतो आणि न केलेले गुन्हेही त्याच्या माथी मारू पाहतो. भित्तिपत्रकापासून कबुलीपर्यंतचा हा प्रवास राइटने एका शब्दाचेही भाष्य न करता घडवला आहे. त्यानंतरची कोरोनरची चौकशी हा या कादंबरीतील सर्वांत भेदक प्रसंग म्हणावा लागेल. चौकशी गोऱ्या मेरी डाल्टनच्या मृत्यूची. पण तेथे पुरावा म्हणून आणले जाते ते बेसीचे, बिगरने मारलेल्या काळ्या मुलीचे, प्रेत. बेसीच्या खुनाला स्वतंत्र गुन्ह्याची प्रतिष्ठा नाही. ती मेल्यावरही दुसरीच्या खटल्यातील वस्तू ठरते. कायद्याच्या एका साध्या रीतीतून समाजाची सारी उतरंड येथे उघडी पडते.

यानंतर मात्र कादंबरीचा तोल ढळतो. बिगरचा वकील मॅक्स ज्यूरी टाळण्यासाठी गुन्हा कबूल करतो आणि केवळ न्यायाधीशापुढे शिक्षेच्या सौम्यतेसाठी युक्तिवाद करतो. या डावाला याच कौंटीत इतिहास होता. 1924 मध्ये क्लॅरन्स डॅरोने लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत तरुणांना असाच मार्ग अवलंबून फाशीच्या दोरापासून वाचवले होते. तेच द्वार बिगरसाठी बंद राहते, हा उपरोध समर्थ आहे. पण मॅक्सचे प्रदीर्घ भाषण तो उपरोध झाकून टाकते. जे चौकशीच्या प्रसंगाने वाचकाच्या प्रत्ययाला आलेले आहे, तेच भाषण त्याला समजावून सांगू लागते. समर्थनार्थ असे म्हणता येईल की, बिगरला स्वतःची वाणी नाही, म्हणून कोणीतरी बोलणे भाग होते. परंतु मॅक्स बोलतो तेव्हा बिगरला त्यातले फारसे उमगत नाही, हेही राइटनेच दाखवले आहे. म्हणजे कलावंताच्या जाणिवेने प्रचारकाच्या भाषणावर आपणहून शेरा मारला आहे. तो त्याने ऐकला असता, तर कादंबरी अधिक निर्दोष झाली असती.

हार्पर लीची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (1960) या दोहोंहून कितीतरी अधिक लोकप्रिय ठरली आणि 1961 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे टॉम रॉबिन्सनची अटक आणि उन्हाळ्यातला खटला यांच्या मधले महिने जवळजवळ अदृश्यच आहेत. तो कोठे होता, वकिलाशी काय बोलला, त्याच्या मनात काय चालले होते, हे वाचकाला कळत नाही. निवेदिका लहान मुलगी आहे, तेव्हा तिला उघड्या न्यायालयातले तेवढेच दिसणार, हे रचनेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. परंतु या मर्यादेचा परिणाम असा होतो की, खटला हा टॉमचा न राहता ॲटिकसचा होतो. अन्याय घडूनही एका सज्जनाच्या वक्तृत्वाने वाचकाचे मन शांत होते. ही शांती खोटी नव्हे. पण ती स्वस्त आहे.

हा भेद केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील करण्याची ऐपत नसेल, तर राज्याने तो दिला पाहिजे, हे गिडियन खटल्यात 1963 मध्ये ठरले. कोठडीतील चौकशीपूर्वी मौनाचा आणि वकिलाचा हक्क सांगितला पाहिजे, हे मिरांडा खटल्यात 1966 मध्ये ठरले. क्लाइड आणि बिगर यांच्या काळापेक्षा आरोपीची स्थिती निःसंशय सुधारली. परंतु 2012 मधील एका निकालपत्रात त्याच सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, राज्यांच्या न्यायालयांतील सुमारे 94 टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीने होतात. म्हणजे ज्या खटल्याभोवती कादंबरी आणि चित्रपट उभे राहिले, तो प्रत्यक्षात अपवाद झाला आहे. निर्णय होतो तो दोन वकिलांच्या बोलण्यात, न्यायालयाच्या ओसरीवर. आणि कच्च्या कैदेत दिवस मोजणाऱ्या माणसाला कबुली हीच सुटकेची जवळची वाट वाटते. जामिनासाठी पैसे भरण्याची पद्धत इलिनॉय राज्याने सप्टेंबर 2023 मध्ये संपूर्ण रद्द केली, ती उगाच नव्हे. खटल्याच्या सुघटित रूपावर विसंबणारी कादंबरी आता वास्तवाला नव्हे, तर आपल्याच परंपरेला प्रामाणिक राहते. ओसरीवरच्या त्या कुजबुजीला रूप कोणते द्यावे, हा अमेरिकी कादंबरीपुढचा प्रश्न आहे आणि ड्रायझर त्याच्या उत्तराच्या सर्वांत जवळ पोहोचला होता.

मराठी वाचकाला या चर्चेत परकेपणा वाटण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) या नाटकातील हौशी मंडळी ज्या अभिरूप खटल्यासाठी निघालेली असतात, तो अमेरिकेच्या अध्यक्षावरचा असतो. वेळ घालवायला म्हणून बेणारेबाईंवर आरोप ठेवला जातो आणि खेळाची शिक्षा होऊन बसते. आरोप ठेवण्याच्या क्षणातच सारी हिंसा साठलेली असते, निकाल हा तिचा केवळ उच्चार, हे तेंडुलकरांनी ड्रायझरइतकेच स्पष्ट पाहिले होते. राहिला प्रश्न अनुवादाचा. 'कौंटी'ला 'जिल्हा' म्हटले की निवडणुकीचे भित्तिपत्रक निरर्थक होते. कौंटीची कोठडी आणि राज्याचा कारागृह या दोहोंना 'तुरुंग' म्हटले की कच्चा कैदी आणि शिक्षा झालेला कैदी यांतला फरक पुसला जातो. शब्द जेथे सरमिसळ होतात, तेथे अजून दोषी न ठरलेला माणूस वाचकाच्या मनात आपोआप दोषी ठरतो. अनुवादकाने तो माणूस खटल्याच्या दिवसापर्यंत निर्दोष राखला, तर या कादंबऱ्यांचे निम्मे मर्म मराठीत उतरले असे समजावे.