तबकडी, तानपुरा आणि पंखा

डोंबिवलीत गाण्याचे कान घरोघरी आहेत. गाणं ऐकायला शांत खोली मात्र कुणाकडेच नाही. ठाण्या-कल्याणातही निराळं नाही. तरीही सीडीचा आवाज कशानं बिघडतो यावर आमच्या मजल्यावर वाद होतो, तोही गाडी धडधडत जात असताना.

शेजारच्या गृहस्थांचं मत ठाम. "अहो, सगळी जादू वायरीत आहे!" त्यांनी प्लेअरपेक्षा महाग वायर आणली. १९९० च्या सुमारास तबकडीची कड हिरव्या शाईनं रंगवली की आवाज गोड होतो अशी टूम परदेशात निघाली होती. तीही त्यांनी करून पाहिली.

आता सीडीवर असतात ते आकडे. सेकंदाला ४४,१०० मोजमापं, डावी-उजवी वेगळी. सोबत पडताळ्याचे आकडे विखरून लिहिलेले. त्यामुळे वाटेवरचा साधारण अडीच मिलिमीटरचा खड्डा यंत्र बिनचूक भरून काढतं. पलीकडे गेलं की अंदाजपंचे, मग टकटक. यात हिरव्या शाईला कामच नाही. काम आहे ते फडक्याला: मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल नव्हे, कारण गोल चरा वाटेलाच समांतर जातो. आणि छापील बाजू जास्त नाजूक, धातूचा थर तिच्याच खाली असतो.

बाकी आवाज खोली बिघडवते. गृहस्थांनी दोन्ही स्पीकर कपाटावर, कोपऱ्यात कोंबलेत. तिथून डग्गा असा फुगतो की तबलजीला दया यावी. उघड्या भिंती, खाली लाद्या. एक गोधडी टांगली असती तर वायरीपेक्षा स्वस्त पडली असती.

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. आपल्यासाठी ते उरले ते जुन्या, तीनेक मिनिटांच्या तबकड्यांत. त्या सीडीवर आणताना कुणी खरखर बेतानं काढतो, कुणी चाळणीच लावतो. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जव्हारी जाते, श्वास जातो. उरतो नुसता गुळगुळीत सूर, दाढी केल्यासारखा! एकदा गेलेलं ते कुठली वायर परत आणणार?

गृहस्थांना पटेना. म्हटलं, तुमचाच प्लेअर, तुमचीच वायर. त्याच ध्वनिमुद्रणाच्या या दोन वेगवेगळ्या सीड्या लावा. आधी पंखा बंद करा. पहिलीत खरखरीमागे तानपुरा झणकारत होता. दुसरीत खाँसाहेब एकटेच, कापसात गुंडाळलेले. गृहस्थ कान टवकारून पुढे सरकले. "परत लावा हो पहिली," हळूच म्हणाले.

एवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, कुठल्याही चाळणीतून न गेलेला. "पंखा कुणी बंद केलाय?"