क्विंटसचें ‘होमरोत्तर’ काव्य : साक्ष कीं नवी रचना ?

होमरकृत ‘इलिअड’ हेक्टरच्या अंत्यविधीशीं संपतें. अकिलीसचा वध, लांकडी घोड्याचें कपट व ट्रॉयचा विध्वंस हे पुढील प्रसंग ‘ईथिओपिस’, ‘लघु इलिअड’ व ‘इलिअमचा विध्वंस’ ह्या तीन प्राचीन काव्यांत वर्णिलेले होते. तीं काव्यें लुप्त झालीं. त्या कथाभागावरील जें सलग ग्रीक महाकाव्य आज उपलब्ध आहे, तें स्मर्नाच्या क्विंटसचें. सर्ग १४, ओळी सुमारें ८,८००. बहुतेक विद्वान् तें इ. स. च्या ३ऱ्या शतकांतील मानतात. मूळ गेलें व उत्तरग्रंथ राहिला, कीं उत्तरग्रंथासच मूळाची नक्कल समजण्याचा मोह होतो. तो कितपत रास्त आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

ह्या काव्याची पोथी कार्डिनल बेसारिऑन ह्यास १५व्या शतकांत दक्षिण इटलींत ओट्रांटोजवळच्या मठांत मिळाली. सुदैवानें ताळा पाहण्यास दुसरें साधन आहे. व्हेनिस येथील मार्चाना ग्रंथालयांत ‘इलिअड’ची १०व्या शतकांतील जी प्रसिद्ध पोथी आहे, तींत प्रोक्लस ह्यानें दिलेला वरील तिन्ही काव्यांचा गद्य सारांश आढळतो. तो त्रोटक आहे. तरी कथेचा क्रम त्यावरून कळतो.

आतां तुलना करूं. पेंथेसिलीआस मारल्यावर तिच्याविषयींच्या अनुरागावरून थर्सायटीस अकिलीसची निंदा करतो व अकिलीस त्यास ठार करतो, हा भाग दोहींकडे समान आहे. परंतु ‘ईथिओपिस’मध्यें ह्या वधानें सैन्यांत फूट पडते; अकिलीस लेस्बॉस बेटावर जाऊन देवांस बलि अर्पण करतो व ओडिसिअसकडून शुद्ध होतो. क्विंटसकडे सैन्य उलट आनंदतें. एकटा आप्त डायोमिडीस चिडतो, त्यासही इतर आवरतात. शुद्धीचें नांव नाहीं. तसेंच ‘इलिअमच्या विध्वंसां’त सर्प लाओकून व त्याचा एक मुलगा ह्यांस मारतात, क्विंटसकडे लाओकून आंधळा होऊन जिवंत राहतो व दोन्ही मुलगे मरतात. ‘लघु इलिअड’मध्यें फिलॉक्टेटीसला आधीं आणतात व निओप्टोलेमसला मागून, क्विंटसनें हा क्रमही उलटविला आहे.

हे फेरफार केवळ विस्मृतीचे असतील काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘इलिअड’च्या दुसऱ्या सर्गांत ओडिसिअस थर्सायटीसला राजदंडानें मारतो व सैन्य हसतें, क्विंटसच्या सैन्याचा आनंद तेथून आलेला दिसतो. मनुष्यवधाबद्दल शुद्धि होमराच्या दोन्ही काव्यांत कोठेंच नाहीं. म्हणून तीही गळाली असावी. आरंभीं देवतास्तवन न करितां हा कवि ‘इलिअड’चा पुढील सर्गच लिहीत असल्याप्रमाणें कथा उचलतो. बाराव्या सर्गांत आपण स्मर्ना येथें मेंढरें राखीत असतां काव्यदेवींनीं स्फूर्ति दिली असें तो सांगतो. ती कल्पना हेसिअडची, आणि स्मर्ना हें होमराची जन्मभूमि म्हणविणारें नगर. तेव्हां हें आत्मवृत्तही जपूनच स्वीकारलें पाहिजे.

काव्य म्हणून पाहतां दहाव्या सर्गांतील ईनोनीचा प्रसंग करुणरसानें उत्तम वठला आहे. उपमांचा अतिरेक मात्र वाचकास थकवितो. आणि स्वपक्षीयाच्या वधाचा दोष वाहणारा प्राचीन अकिलीस येथें निर्दोष होऊन लहान झाला आहे. हें नुकसान आम्ही मोठें समजतों.

सारांश, क्विंटस जेथें प्रोक्लसशीं जुळतो तेथें त्यास पुष्टि म्हणून घ्यावें. जेथें एकटा बोलतो तेथें त्याच्या शब्दावर लुप्त काव्य उभारूं नये. जुळणीही निर्णायक नव्हे, कारण मूळ काव्यें त्याच्यापुढें होतीं कीं नाहीं हाच वाद आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत क्षेमेंद्राच्या ‘भारतमंजरी’स साहाय्यक साक्षीचें स्थान आहे, मूळ पोथीचें नाहीं. तोच विवेक येथेंही हवा. पोथी जुनी असली म्हणून तींतील कथा तितकीच जुनी ठरत नाहीं, आणि कवीनें ती बदलली म्हणून पोथीचें मोलही कमी होत नाहीं.