अभियांत्रिकी भौतिकशास्त्राचा पदवी पाठ्यक्रम : घटकांच्या क्रमाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : महाड-पोलादपूर परिसर)

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षास भौतिकशास्त्र का शिकवावे, याविषयी फारसा मतभेद नाही. ते कोणत्या क्रमाने शिकवावे, हा प्रश्न मात्र पाठ्यक्रमाच्या चर्चेत मागे पडतो. कोणता घटक घालावा व कोणता वगळावा, याभोवतीच ही चर्चा फिरते. एक घटक दुसऱ्या घटकावर आणि सर्व घटक गणितावर किती अवलंबून आहेत, याची नोंद छापील आराखड्यात सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या प्रथम वर्ष पाठ्यक्रमाचा विचार केला आहे. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देणारे झाले. महाड व पोलादपूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांना तर ते घराजवळचे तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ होय.

घटकांची यादी आणि घटकांचा क्रम

नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदल होण्यापूर्वीच्या आराखड्यात अभियांत्रिकी भौतिकशास्त्राचे पाच घटक होते. दोलने, श्राव्यातीत ध्वनी व डायइलेक्ट्रिक पदार्थ; प्रकाशशास्त्र, प्रकाशीय तंतू व लेसर; इलेक्ट्रॉन प्रकाशिकी, अणुकेंद्रीय भौतिकी व पुंजयामिकी; स्फटिकरचना, क्ष-किरण व विद्युतगतिकी; आणि शेवटी चुंबकीय, अतिसंवाहक व अर्धसंवाहक पदार्थ. आठवड्यास तीन व्याख्याने धरली तर सत्रात सुमारे ४० व्याख्याने मिळतात. म्हणजे प्रत्येक घटकाच्या वाट्यास आठ. भौतिकशास्त्र विभागांतर्फे चालणाऱ्या अभियांत्रिकी भौतिकीच्या चार वर्षांच्या पदवीत हेच विषय अनेक सत्रांत विभागलेले असतात. येथे त्यांचा केवळ परिचय होऊ शकतो, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

खरी अडचण विस्ताराइतकीच क्रमाची आहे. या आराखड्यात प्रथम वर्षाचे दोन गट असत. एका गटास पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र व दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्र असे. दुसऱ्या गटास याच्या उलट. प्रयोगशाळा व अध्यापक यांच्या मर्यादा पाहता ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. गणिताचा क्रम मात्र दोन्ही गटांस एकच होता. पहिल्या सत्रात मॅट्रिक्स, आंशिक अवकलन व बहुल समाकलन. दुसऱ्या सत्रात अवकल समीकरणे, फूरिए श्रेणी व सदिश कलन. परिणामी पहिल्या गटातील विद्यार्थ्यापुढे अवमंदित व प्रणोदित दोलनांचे समीकरण अवकल समीकरणांच्या अध्यापनापूर्वी येते आणि मॅक्सवेलची समीकरणे सदिश कलनापूर्वी. एकाच परीक्षेस बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकास साधन आधी मिळते, दुसऱ्यास नंतर. ज्याला साधन मिळालेले नाही, तो सिद्धता पाठ करतो. या पाठांतरास विद्यार्थ्याची उदासीनता म्हणण्यापूर्वी वेळापत्रक तपासणे न्याय्य ठरेल.

परिसरातील उदाहरणे

पाठांतराने काय हरवते, हे महाड परिसराच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील पाच मजली तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांची कारणमीमांसा हा येथील विषय नाही. तथापि, अशा बांधकामांची तपासणी ज्या तत्त्वांवर होते, ती पाठ्यक्रमाच्या पहिल्याच घटकात आहेत. पुलाच्या खांबाच्या पायथ्याची माती वाहून गेली की त्याची दृढता घटते आणि नैसर्गिक कंप्रता उतरते. जपानमध्ये रेल्वेपुलांच्या खांबांवर आघात करून ही कंप्रता मोजली जाते. काँक्रीटमधून श्राव्यातीत स्पंद पाठवून त्याचा वेग मोजला तर आतील दोषांचा अंदाज येतो. १९९२ च्या भारतीय मानकात ४.५ कि.मी. प्रतिसेकंदाहून अधिक वेग उत्कृष्ट, तर ३ कि.मी.हून कमी वेग शंकास्पद मानला होता. दोलन व श्राव्यातीत ध्वनी हे दोन विषय एकाच घटकात शेजारी असूनही त्यांना जोडणारे हे सूत्र आराखड्यात दिसत नाही.

स्थानिक संदर्भ म्हणजे नव्या घटकांची भर, असा अर्थ मात्र घेऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की कणांना धरून ठेवणारे घर्षण घटते. हे तत्त्व स्थापत्य शाखेत पुढे मृद्‌यांत्रिकीत येते. त्यासाठी प्रथम वर्षात सहावा घटक घालणे म्हणजे उरलेल्या पाचांची व्याख्याने आणखी कमी करणे होय.

अध्यापकांच्या हाती असलेले बदल

संलग्न महाविद्यालयास घटक बदलता येत नाहीत. अध्यापनाचा क्रम व रीत मात्र बदलता येते. पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र असलेल्या गटास प्रकाशशास्त्र व स्फटिकरचना आधी शिकवाव्यात, कारण त्यांस प्रामुख्याने बीजगणित व त्रिकोणमिती पुरते. पुंजयामिकी आंशिक अवकलनानंतर घ्यावी. दोलनांचे समीकरण सोडविण्याऐवजी दिलेली उकल समीकरणात ठेवून पडताळावी. त्यासाठी बारावीचे अवकलन पुरेसे आहे. मॅक्सवेलची समीकरणे प्रथम समाकल रूपात, म्हणजे बंद पृष्ठातून जाणारा प्रवाह आणि बंद वक्रावरील अभिसरण या कल्पनांनी मांडावीत. डायव्हर्जन्स व कर्ल ही रूपे दुसऱ्या सत्रात गणिताच्या अध्यापकांनी उदाहरण म्हणून घ्यावीत. यासाठी दोन विभागांनी सत्रारंभी एकत्र बसणे एवढीच पूर्वअट आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या १६० श्रेयांकांच्या आदर्श आराखड्यात भौतिकशास्त्राचे अनेक पर्यायी अभ्यासक्रम दिले आहेत. शाखेनुसार निवडीची ही मोकळीक स्वागतार्ह आहे. परंतु निवडलेल्या पर्यायाला लागणारे गणित त्याआधी आले नाही, तर दोष तसाच राहील.

निष्कर्ष

पाठ्यक्रमाचे मूल्यमापन घटकांच्या संख्येवर वा नावीन्यावर न करता प्रत्येक घटकाच्या पूर्वतयारीवर व्हावे. प्रत्येक घटकापुढे ‘आवश्यक गणित’ असा एक स्तंभ जोडल्यास अभ्यास मंडळास दोन सत्रांतील विसंगती तत्काळ दिसेल. या दुरुस्तीस नवे उपकरण लागत नाही, निधीही लागत नाही. पोलादपूरच्या दुर्गम वाडीतून येणाऱ्या विद्यार्थ्यास शिकवणीवर्गाचा आधार सहसा नसतो. महाविद्यालयाचे वेळापत्रक हाच त्याचा आधार असतो. म्हणून घटकांचा क्रम ही केवळ प्रशासकीय सोयीची बाब नसून शैक्षणिक न्यायाची बाब ठरते.