पाच वॅटची समीक्षा

‘उबदार’ हा शब्द माझ्या वह्यांमध्ये किती वेळा आला आहे, हे यंदा मे महिन्यात मोजायला बसलो आणि अर्ध्या तासाने मोजणे सोडून दिले. या वह्या गेल्या वीस-बावीस वर्षांच्या आहेत. गिटारचा कुठला ॲम्प्लिफायर कुणाकडे ऐकला, कसा वाजला, कशाच्या बदल्यात आला आणि कशाच्या बदल्यात गेला, एवढेच त्यांत आहे. एकाच पानावर दोन अगदी उलट बांधणीच्या ॲम्पना मी उबदार म्हटलेले सापडले. पुढे एका पानावर ज्यात एकही व्हॉल्व्ह नव्हता अशा ॲम्पलाही. या विषयातला अभ्यासक म्हणून मित्रमंडळी माझ्याकडे पाहतात आणि मीही ते खोडून काढत नाही. त्यामुळे हे जरा लागले.

गिटारशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. विजेवरची गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. तारांचे कंपन विजेच्या क्षीण लहरींत बदलते, ॲम्प त्या मोठ्या करतो आणि स्पीकर त्यांचा पुन्हा आवाज करतो. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा या गिटारला ॲम्प. हे ॲम्प जन्मले रेडिओच्या पोटातून. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरचे १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. पुढे त्याने बनवलेल्या ॲम्पमधले व्हॉल्व्ह रेडिओतलेच होते, आणि मांडणीही बरीचशी व्हॉल्व्ह कंपन्यांच्या पुस्तिकांत छापलेल्या नमुन्यांवर बेतलेली होती. पन्नासच्या दशकातला त्याचा सर्वांत लहान ॲम्प म्हणजे ‘चॅम्प’. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एसीचे डीसी करणारा एक ५वाय३, आवाजाचा एकच नॉब. ताकद सुमारे ५ वॅट. शिकाऊ मुलांसाठी केलेली ही वस्तू. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा मर्फी किंवा फिलिप्स होता, त्यांच्या घरी यातले निम्मे सामान वेगळ्या नंबरांनी नांदत होते.

मोठे ॲम्प असताना लोक पाच वॅटच्या मागे का लागतात? व्हॉल्व्हला कुवतीबाहेर ताणले की आवाज फाटतो, आणि ब्लूज-रॉक वाजवणाऱ्यांना हे फाटणेच हवे असते. पन्नास वॅटचा ॲम्प तिथपर्यंत नेला तर सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहतो. पाच वॅटचा ॲम्प दिवाणखान्यात फाटतो. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या ‘लैला’साठी असाच छोटा चॅम्प वापरला, ही गोष्ट या वर्तुळात पहिल्या धड्यासारखी सांगितली जाते. नील यंगचा आवाज ज्याच्याशी जोडला गेला आहे तो १९५९ चा फेंडर डीलक्ससुद्धा जेमतेम १५ वॅटचा. इंग्लंडमध्ये डिक डेनीने व्हॉक्ससाठी केलेला एसी१५ त्याच वजनाचा. ‘द शॅडोज’ना मोठा आवाज हवा होता म्हणून मागून एसी३० आला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत हीच जुनी सर्किटे हाताने पुन्हा बांधणारे लहान उद्योग उभे राहिले. लॉस एंजेलिसचे मॅचलेस, ओहायोचे डॉ. झी, इलिनॉयचे व्हिक्टोरिया. व्हिक्टोरियाच्या चॅम्पचे नाव ५१८, म्हणजे पाच वॅट, एक स्पीकर, आठ इंच. इतके सरळ नाव या धंद्यात दुर्मीळ. यांना बुटीक ॲम्प म्हणतात. न्यू जर्सीचा केन फिशर आपल्या ॲम्पना अनुक्रमांकाऐवजी बायकांची नावे देत असे, आणि अलेक्झांडर डंबल आपल्या सर्किटवर रेझिन ओतून ते झाकून टाकत असे. या दोघांचे ॲम्प पाच वॅटच्या पंगतीतले नव्हेत, पण हवा कशी असते ते यावरून कळेल.

इतक्या किमतीच्या वस्तू फारच थोड्यांना साठवता येतात. नवा हवा तर जुना द्यायचा, वर थोडे पैसे द्यायचे किंवा घ्यायचे. अशी अदलाबदल अमेरिकेत सर्रास चालते, आणि मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू, शिलाँग इथल्या आमच्या छोट्या वर्तुळातही चालते. या व्यवहाराचे चलन म्हणजे तुलना. ‘हा त्याच्यापेक्षा गोल आहे’, ‘तो जास्त काचेरी आहे’, ‘याच्यात घंटा वाजते’. या वाक्यांवर चाळीस-पन्नास हजार रुपये हात बदलतात. तेव्हा ही समीक्षाच आहे, आणि समीक्षा म्हणून ती तपासायला हवी.

माझी मुख्य तक्रार अशी की या समीक्षेत विशेषणे भरपूर आहेत, पण आस नाही. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांची तुलना स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली. किराणा एका टोकाजवळ, आग्रा दुसऱ्या टोकाजवळ. ती मांडणी कुणाला पटो न पटो, तिच्याशी भांडता येते, कारण दोन टोके समोर ठेवलेली आहेत. ‘उबदार’शी भांडायचे कसे? त्याच्या विरुद्ध टोकाला काय आहे, हे म्हणणाऱ्यालाच ठाऊक नसते. मलाही नव्हते.

आस नसली की नसलेले गुणही ऐकू येऊ लागतात. ‘सॅग’ हा शब्द घ्या. तार जोरात छेडली की ५वाय३ सारख्या व्हॉल्व्हमधून मिळणारा दाब क्षणभर खाली बसतो आणि सूर दबून मग फुलतो. दोन पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या डीलक्समध्ये हे घडते. चॅम्पमध्ये मात्र एकटा पॉवर व्हॉल्व्ह शांततेत आणि गोंगाटात जवळपास सारखाच करंट ओढत असतो, त्यामुळे दाब खाली बसण्याचे फारसे कारणच उरत नाही. तरीही पाच वॅटच्या ॲम्पची एखादी स्तुती वाचा, सॅग येणारच. माझ्या २०११ च्या वहीत ‘५वाय३ चा सॅग अप्रतिम’ असे वाक्य आहे, आणि ते एका चॅम्पच्या प्रतिकृतीबद्दल आहे. जाहिरातींतल्या ‘क्लास ए’ या बिरुदाचीही तीच गत. एसी३० ला ते वर्षानुवर्षे लावले गेले, मोजणी मात्र वेगळेच सांगते.

मग खरा फरक नसतोच का? असतो, आणि तो आपल्या परिभाषेत नीट सांगता येतो. एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेला ॲम्प फाटू लागतो तेव्हा मूळ सुरात दुपटीची कंप्रता मिसळते, म्हणजे वरचा षड्ज. दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध ओढत असतील तर त्या टप्प्यावर सम पटी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात आणि तिप्पट उठून दिसते, म्हणजे तार सप्तकातला पंचम. एकात सा वर सा चढतो, दुसऱ्यात सा वर पंचम. जवारी लावणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक फरक डीलक्सचा: ज्या चॅनेलला गिटार जोडलेलीच नाही, त्याचा नॉब फिरवला तरी आवाज बदलतो. नील यंगने हे इतके मनावर घेतले की पायाने कळ दाबताच ॲम्पचे नॉब ठरलेल्या जागी फिरवणारे यंत्रच बसवून घेतले. नॉबांच्या नेमक्या जागा सांगितल्याशिवाय दोन डीलक्सची तुलना करणाऱ्याचे मी आता ऐकून घेत नाही.

पण हे सगळे मिळूनही जेवढा फरक पडत नाही, तेवढा स्पीकरमुळे पडतो. याबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे. ताकद दहापट कमी केली, पन्नासवरून पाच वॅटवर आणली, तर आवाज दहा डेसिबलने उतरतो आणि कानाला साधारण निम्मा वाटतो. आता स्पीकरकडे पाहा. एकाच वॅटवर एक स्पीकर ९४ डेसिबल देतो, दुसरा १००. सहा डेसिबलचा हा फरक चौपट ताकदीच्या बरोबरीचा आहे. पाच वॅटचा ॲम्प चांगल्या स्पीकरवर जेवढा मोठा लागतो, तेवढा दुसऱ्यावर लागण्यासाठी वीस वॅट लागतील. यात कानाचा स्वभाव मिसळतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. म्हणून जो ॲम्प किंचित मोठा वाजतो तो भरीव वाटतो, आणि भरीव वाटतो म्हणून ‘चांगला’ ठरतो. आवाज समान न करता केलेली तुलना म्हणजे एकाला माईक देऊन आणि दुसऱ्याला न देता घेतलेली गायनस्पर्धा. दहा-बारा हजारांचा कंडेन्सर-बदल करून घेणारे माझे मित्र स्पीकर मात्र आला तोच ठेवतात. मीही ठेवत होतो.

यात अदलाबदलीने आणखी एक घोळ होतो. नवा ॲम्प घरी येतो तेव्हा जुना बहुधा निघून गेलेला असतो, कारण त्याच्याच बदल्यात तो आलेला असतो. म्हणजे समोरच्या ॲम्पची तुलना होते ती आठवणीशी. आणि नुकताच जो व्यवहार केला तो चुकला, असे आठवण सहसा म्हणत नाही.

माझा स्वतःचा असा एक व्यवहार आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत एक रेडिओ मेकॅनिक होते. मी त्यांना काका म्हणत असे. सोल्डर कसे करावे, व्हॉल्व्हचा हम कुठून येतो, दाब असलेल्या सर्किटमध्ये एक हात खिशात का ठेवावा, हे सगळे मी त्यांच्या टेबलापाशी शिकलो. याशिवाय माझे दुसरे शिक्षण नाही. त्यांनी मला एक ॲम्प बांधून दिला होता. मोडीत निघालेल्या रेडिओचे ट्रान्सफॉर्मर, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले ईसीसी८३ आणि ईएल८४, पत्र्याची चासी, आणि त्याच रेडिओचा लंबगोल स्पीकर. ते त्याला ‘डबा’ म्हणत. तो वाजवून झाल्यावर मी म्हणालो होतो, “काका, हा तसा वाजत नाही.”

“तसा म्हणजे कसा?”

“चॅम्पसारखा.”

“तू ऐकलायस चॅम्प?”

मी फक्त रेकॉर्डवर ऐकला होता. त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि टेबलावरचा दुसरा सेट ओढून घेतला.

२००९ मध्ये मुंबईच्या एका वादकाकडचा हाताने बांधलेला अमेरिकन पाच वॅटचा ॲम्प मी घेतला. बदल्यात डबा आणि वर अडतीस हजार रुपये दिले. त्याच्याकडे स्वतःचे बारा इंची कॅबिनेट होते, म्हणून रेडिओचा स्पीकर त्याने नेला नाही. काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बरं झालं, जागा झाली.” दोन वर्षांनी ते गेले. त्या दिवसांतल्या वहीत डब्याबद्दल नोंद आहे: ‘पुठ्ठ्याच्या खोक्यात गायल्यासारखा, मधले स्वर पुढे, खर्ज नाही.’ आणि अमेरिकन ॲम्पपुढे लिहिले आहे: ‘उबदार’.

वह्या वाचून झाल्यावर यंदाच्या जूनमध्ये मी माळ्यावरून तो स्पीकर काढला. कागद एका बाजूने किंचित फाटलेला होता, तो डिंक आणि टिश्यू पेपरने सांधला. अमेरिकन ॲम्प तसा ११० व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरवर चालतो. त्याचे चार ओहमचे आउटपुट या स्पीकरला बरोबर जुळले. नॉब अर्ध्यावर नेला नाही, कारण रेडिओच्या स्पीकरला पाच वॅट म्हणजे चेष्टा नव्हे. पहिलाच ई कॉर्ड मारला आणि खोलीत डबा वाजला. पुठ्ठ्याचे खोके, पुढे आलेले मधले स्वर, गायब खर्ज. अडतीस हजार रुपये, दीड दशकाचा अभिमान, आणि आवाज मी जो देऊन टाकला होता तोच.

हा पुरावा मानावा का, यावर मी बरेच दिवस घालवले. ईएल८४ आणि ६व्ही६ सारखे नव्हेत, रेडिओचा ट्रान्सफॉर्मर खर्ज कापतो, आणि ज्या डब्याशी मी हे ताडून पाहतो आहे तो पुन्हा आठवणीतलाच आहे. उलटी परीक्षा व्हायला हवी: डबा चांगल्या बारा इंची स्पीकरवर, आवाज समान करून. म्हणून शोध घेतला. मुंबईच्या वादकाने तो गोव्यात कुणाला दिला होता, तिथून तो बेंगळुरूला गेला, आणि पुढचा माग लागत नाही. वादकाला फोन केला. डबा त्याला लगेच आठवला. त्याच्याकडे तो बारा इंची कॅबिनेटवरच वाजत होता.

“फार उबदार वाजायचा,” तो म्हणाला.

“उबदार म्हणजे कसा?”

तो जरा थांबला. मग म्हणाला की त्या काळात त्याने डब्यावर दोन-तीन तुकडे रेकॉर्ड केले होते, जुन्या हार्ड डिस्कवर असतील, बघतो. हा लेख छपाईला जाईपर्यंत ते आलेले नाहीत.