गोधडीवरचा हात

लहानपणी दुपारी झोपून दिवेलागणीला उठलेलं आणि सकाळ झाली समजून थेट दात घासायला गेलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. आमच्या घरात ती मी. पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला तो किस्सा सांगितला जायचा. त्यातला एक भाग मात्र मी कुणाला सांगितलाच नव्हता. दात घासायला उठण्याआधी काही वेळ मी डोळे टक्क उघडे ठेवून पडून होते, आणि माझ्या पायथ्याशी कुणीतरी बसलेलं होतं. दिसत काही नव्हतं, पण तिथे अंथरूण दबलेलं होतं. आईला हाक मारायची होती, पण जीभ हलत नव्हती.

तिन्हीसांजेला झोपू नये, असं आजी म्हणायची. का, तर लक्ष्मी येते. मला तेव्हापासून वाटत आलंय की तिला खरं कारण माहीत होतं.

हे सगळं वर आलं ते हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी-डिक'मुळे. हो, तीच ती जाडजूड देवमाशाची कादंबरी, जी सुरू करणारे पुष्कळ आणि संपवणारे थोडे. १८५१ साली ती आली आणि लेखकाच्या हयातीत तिचं फारसं कौतुक झालं नाही. तुम्हाला ती पूर्ण वाचायची नसेल तर नका वाचू, पण चौथं प्रकरण वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. झोप आणि जाग यांच्या मधल्या फटीबद्दल इतकं अचूक लिहिलेलं मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

प्रसंग असा. कथा सांगणारा इश्माएल देवमाशांच्या शिकारीवरच्या जहाजात नोकरी धरायला निघालाय. न्यू बेडफर्डच्या एका खाणावळीत स्वतंत्र खाट मिळत नाही, म्हणून त्याला एका अनोळखी माणसाबरोबर एकाच पलंगावर झोपावं लागतं. हा माणूस म्हणजे क्वीक्वेग. दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा, अंगभर गोंदलेला, भाला फेकणारा, आणि इश्माएलच्या समजुतीप्रमाणे नरभक्षक. सकाळी जाग येते तेव्हा क्वीक्वेगचा हात इश्माएलच्या अंगावर पडलेला असतो. पांघरूण ठिगळाठिगळांचं, म्हणजे आपली गोधडीच. त्या गोधडीचे रंगीत तुकडे आणि हातावरची गोंदणनक्षी इतकी एकमेकांत मिसळून जाते की कापड कुठे संपलं आणि माणूस कुठे सुरू झाला, हे डोळ्यांना कळत नाही. कळतं ते फक्त वजनाने.

हे वजन लक्षात ठेवा.

त्या हाताखाली पडल्यापडल्या इश्माएलला लहानपणचं काहीतरी आठवतं. काहीतरी खोडी करून तो धुराड्यात चढायला बघत होता. सावत्र आईने पाय धरून बाहेर ओढलं आणि शिक्षा म्हणून झोपायला पाठवलं. दुपारचे दोन. तारीख २१ जून, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दुसऱ्या दिवशी उठायची परवानगी मिळेपर्यंत सोळा तास. खिडकीत ऊन, रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट, घरभर लोकांचे हसण्याबोलण्याचे आवाज. पोरगं शेवटी खाली जातं, आईच्या पाया पडतं आणि म्हणतं, मला सपाटून मार, पण झोपायला पाठवू नकोस. ती ऐकत नाही. परत वर. बराच वेळ टक्क जागा राहून त्याचा कधीतरी वाईट डोळा लागतो. त्यातून हळूहळू जाग येते तर खोलीत मिट्ट काळोख. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. पण गोधडीवर पडलेल्या त्याच्या हातात कुणाचा तरी हात आहे. ज्याचा तो हात, ते पलंगाला खेटून बसलेलं. पोरगं गोठून पडून राहतं. आपला हात तसूभर जरी हलवता आला तरी हे मोडेल, असं त्याला वाटत राहतं, आणि तेवढंच होत नाही.

आजचा वाचक इथे पटकन म्हणेल, अरे, हे तर स्लीप पॅरॅलिसिस! बरोबर आहे. १९९७ साली 'स्लीप' नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात नेमक्या याच उताऱ्यावर टिपण आलेलं आहे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल सोडून देतो, म्हणजे आपण स्वप्नात पळालो तरी पलंगावरून पळत नाही. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप मागाहून उघडतं. मधल्या वेळात डोळे खोली बघतात आणि स्वप्न चालूच राहतं. कुणीतरी जवळ असल्याची जाणीव, छातीवर दाब, हे त्यातलं नेहमीचं. जागं होतानाच्या अशा भासांना हिप्नोपॉम्पिक हा शब्द फ्रेडरिक मायर्सने दिला, तोही कादंबरीनंतर काही दशकांनी. ज्या झोपेत हे घडतं त्या झोपेचा शोध तर १९५३ सालचा. मेलव्हिलजवळ यातलं काही नव्हतं. होतं ते कदाचित आपल्यासारखंच एखादं लहानपण.

पण निदान झालं की वाचन संपलं, असं मला वाटत नाही. उलट निदान आपल्याला दारापर्यंत आणून सोडतं. पोटदुखीचं नाव कळल्यावर पोटदुखीची गोष्ट संपते का?

मला अडतं ते मार मागण्यापाशी. ती ओळ विनोदी आहे, मेलव्हिलही तिथे गालातल्या गालात हसतोय, आणि बरेच वाचक हसून पुढे जात असतील. पण बघा, पोराला काय हवंय? सोळा तास कुणी शिवणार नाही, बोलणार नाही, त्यापेक्षा चपलेचा मार त्याला चालणार आहे. मारात निदान दुसऱ्याचा हात असतो. तो हात नाकारला जातो. आणि त्याच रात्री अंधारातून एक हात येतो आणि त्याच्या हातात बसतो. ज्याची भीती वाटते तेच ते आणि जे मागितलं होतं तेही तेच. मेलव्हिल हे कुठेही बोलून दाखवत नाही. दोन गोष्टी फक्त शेजारीशेजारी ठेवतो.

एक तक्रारही नोंदवून ठेवते. सावत्र आईला नाव नाही, चेहरा नाही, ती फक्त मारणारी आणि उपाशी झोपवणारी आहे. तिच्या कर्तव्यदक्षतेची स्तुती आहे ती उपरोधाने. ही सावत्र आई परीकथेतून उसनी आणलेली वाटते. भास इतका खरा आणि बाई इतकी खोटी, हे त्या पानावर खुपतं.

तरी प्रकरणाचा खरा काटा पुढच्या वाक्यात आहे. इश्माएल म्हणतो, त्या रात्रीतून तेवढी भीती काढून टाका, मग जे उरतं ते क्वीक्वेगच्या हाताखाली जाग आली तेव्हाच्या अनुभवासारखंच होतं. भीती काढून टाका! आपण सगळे उलटं करतो. भुताची आठवण सांगताना भीती ठेवतो आणि बाकीचं काढून टाकतो. माझ्या पायथ्याशी बसलेल्याबद्दल मला कधी कुणी विचारलंच असतं तर मी भीतीच सांगितली असती. अंथरूण दबल्यावर आपण एकटे नाही असंही क्षणभर वाटलं होतं, हे मी सांगितलं नसतं. मलाच ते चौथं प्रकरण वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

यावरून 'परक्याची भीती गेली आणि मैत्री झाली' असा सोपा अर्थ काढला जातो. तो चुकीचा नाही, पण गुळगुळीत आहे. दोन प्रसंगांतला फरक बघा. लहानपणी इश्माएलला स्वतःचाच हात हलवता येत नव्हता. आता तो हलवू शकतो, क्वीक्वेगचा हात दूर करायला बघतो, पण झोपेतला क्वीक्वेगच सोडत नाही. तेव्हा अंगानं ऐकलं नाही, आता माणूस ऐकत नाही. ही भीती मोडते ती समजुतीने नाही. इश्माएल चिकाटीने हलवतो, हाका मारतो, शेवटी क्वीक्वेग हुंकार देऊन उठतो आणि डोळे चोळतो. भुताने कधी उठून डोळे चोळले नव्हते.

कादंबरीत दुसराही एक भास आहे आणि तो कॅप्टन एहॅबच्या वाट्याला आलाय. देवमाशाने त्याचा पाय नेला. १०८व्या प्रकरणात नवा पाय घडवणाऱ्या सुताराला तो सांगतो की नसलेला पाय अजून जाणवतो. आणि मग विचारतो, तू उभा आहेस नेमक्या त्याच जागी, न दिसणारं, जिवंत, विचार करणारं दुसरं काही उभं नसेल कशावरून? इश्माएलच्या पलंगाशी बसलेलं ते हेच. गंमत म्हणजे तुटलेल्या अवयवाच्या या भासाला 'फँटम' म्हणणारा आणि झोपेतल्या अशा लुळेपणाचं वर्णन करणारा डॉक्टर एकच होता, फिलाडेल्फियाचा सायलस वेअर मिचेल, १८७१ आणि १८७६ साली. मेलव्हिलने हे दोन्ही भास एकाच जहाजावर आधीच चढवून ठेवले होते. एहॅब न दिसणाऱ्यावर चाल करून जातो आणि सगळ्यांना बुडवतो. इश्माएलला ते कोडं सुटलेलं नाही, आजही मी त्यावर डोकं खाजवतो असं तो सांगतो, आणि तरी त्याचं फार अडत नाही.

शेवट माहीत नसेल तर इथे थांबा.

मधे क्वीक्वेग आजारी पडतो, स्वतःसाठी शवपेटी करून घेतो, मग बरा होतो आणि त्या पेटीच्या झाकणावर आपल्या अंगावरचं गोंदण कोरत बसतो. जहाज बुडतं तेव्हा एकटा इश्माएल वाचतो, कारण ती पेटी पाण्यातून उसळून त्याच्याजवळ येते. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र तो तिच्या आधाराने तरंगत राहतो. पुस्तक तिथे त्याचे हात कसे होते ते सांगत नाही. पण अंधारात, पाण्यात, त्याच्या हाताखाली तीच नक्षी होती, जी गोधडीवर होती.